शुगर, ॲसिडिटी, गॅस आणि मध: सुरू करायच्या आधी काय काय बघायचं

दोन वर्षांपूर्वी ह्यांची शुगर निघाली, एचबीए१सी (गेल्या तीनेक महिन्यांची सरासरी शुगर दाखवणारी टेस्ट) ७.६, आणि पुढच्या पंधरा दिवसांत आमच्या ओट्यावर चार बाटल्या-डब्या जमा झाल्या. एक नणंदबाईंनी महाबळेश्वरहून आणलेली, जांभळाच्या मधाची. दुसरी ह्यांच्या मुरैन्याच्या मित्राने दिलेली, सरसोंच्या (मोहरीच्या) मधाची. एक डबी परागाच्या दाण्यांची, ती मीच एका प्रदर्शनातल्या स्टॉलवरून घेतली होती, आणि एक प्रोपोलिसच्या (माश्यांनी गोळा केलेल्या राळेच्या) थेंबांची छोटी बाटली, भाच्याने ऑनलाइन मागवून दिलेली. सगळ्यांनी प्रेमानेच दिलं, पण सांगणं प्रत्येकाचं वेगळं, कुणी म्हणे उपाशीपोटी दोन चमचे, कुणी म्हणे रात्री झोपताना, कुणी म्हणे हळूहळू गोळ्याच सुटतील. मला स्वतःला आयबीएसचा जुना त्रास आहे, पोट फुगणं, गुडगुड, कधी घट्ट कधी पातळ, म्हणून ह्यांच्याबरोबर मी पण सकाळचं लिंबू-मध-पाणी सुरू केलं.

मी डॉक्टर नाही, वैद्य पण नाही. ग्वाल्हेरला लष्कर भागात आमचं जुनं घर आहे, तिथे हे सगळं दीड-दोन वर्षं करून पाहिलं, डॉक्टरांना विचारून विचारून, वहीत लिहून ठेवून. आता ओळखीत कुणाची शुगर निघाली की मला फोन येतो "ताई, मध चालतो का हो?" म्हणून एकदाच नीट लिहिते.

जवळ काय असावं ते आधी सांगते:

- गेल्या तीन महिन्यांतले रिपोर्ट: एचबीए१सी, फास्टिंग (उपाशीपोटी), पीपी (जेवणानंतर दोन तासांनी), लिपिड प्रोफाइल (कोलेस्टेरॉल वगैरे), लिव्हरचा रिपोर्ट, क्रिएटिनिन (किडनीचं)
- चालू गोळ्यांची पूर्ण यादी, आयुर्वेदिक चूर्णं-चाटणं धरून
- ग्लुकोमीटर आणि न संपलेल्या तारखेच्या पट्ट्या
- ५ मिलीचा मापाचा चमचा (खोकल्याच्या औषधाबरोबर येतो तोच) किंवा किचनचा छोटा वजनकाटा
- एक वही

१. आधी रिपोर्ट, मग मध

फास्टिंग १०० ते १२५ किंवा एचबीए१सी ५.७ ते ६.४ म्हणजे प्रीडायबिटीस, फास्टिंग १२६ किंवा एचबीए१सी ६.५ आणि त्याच्या वर म्हणजे डायबिटीस. तुम्ही नेमके कुठे आहात ते माहीत नसताना मध सुरू केला तर त्याने फायदा झाला की नुकसान हे कधीच कळणार नाही.

पोटाचं पण तसंच. वर्षानुवर्षं जळजळतंय, रॅनिटिडीन नाहीतर पॅन्टोप्राझोल खातोय आणि वरून मध, असं चालू असेल तर एकदा पोटाच्या डॉक्टरांना दाखवा. काळी शौच, रक्ताची उलटी, गिळायला त्रास, आपोआप वजन उतरणं, ह्यातलं काहीही असेल तर हा लेख इथेच ठेवा आणि आधी दवाखान्यात जा.

२. कुणी घ्यायचंच नाही

एक वर्षाच्या आतल्या बाळाला मध अजिबात नाही. हे मी मुद्दाम ठळक सांगते कारण आपल्या मराठी घरांत बाळ जन्मलं की सोन्याच्या अंगठीने मध-तूप चाटवायची पद्धत आहे, बाळगुटी मधात उगाळतात, आणि आजीला नाही म्हणायचं कुणाच्या जिवावर येतं. मधात क्लॉस्ट्रिडियम बोट्युलिनम नावाच्या जंतूचे बीजाणू असू शकतात, मोठ्यांच्या आतड्यात ते तग धरत नाहीत, पण तान्ह्याच्या आतड्यात ते वाढून विष तयार करतात आणि बाळ ढिलं पडतं, श्वास अडकतो. मध शुद्ध असला, घरच्या पोळ्यातला असला तरी हा धोका आहेच, आणि मध उकळला तरी हे बीजाणू मरत नाहीत. माझ्या भाचीच्या बाळाच्या वेळी आम्ही अंगठी नुसती ओठाला टेकवली, आजेसासूबाईंना आधी नीट समजावलं, त्यांनी ऐकलं.

ज्यांना मधमाशी चावल्यावर अंगभर गांधी उठतात, दमा आहे, परागाची ॲलर्जी आहे, त्यांनी पराग आणि राजान्न (रॉयल जेली, राणीमाशीचं खाणं) ह्यांच्या वाटेला जाऊ नये. रक्त पातळ करायची वॉरफरीन चालू असेल तर प्रोपोलिस आणि राजान्न डॉक्टरांना विचारल्याशिवाय नाही, रक्तस्राव वाढू शकतो.

३. मध हा साखरेच्याच खात्यात धरायचा

इथेच सगळ्यात जास्त लोक चुकतात. मधात साधारण ८० टक्के साखरच असते, त्यात फ्रुक्टोज ३८ च्या आसपास, ग्लुकोज ३१ च्या आसपास, बाकी १७-१८ टक्के पाणी, आणि उरलेल्या थोड्याशा भागात ते एन्झाइम, आम्लं, फुलांचे रंग-वास, अँटिऑक्सिडंट. त्यामुळे मध अगदी साखरेसारखा पण नाही आणि साखरेपासून फार लांब पण नाही. ग्लायसेमिक इंडेक्स (खाल्ल्यावर शुगर किती झपाट्याने चढते त्याचं माप) साखरेपेक्षा थोडा कमी, फुलाप्रमाणे बदलतो. एक सपाट छोटा चमचा म्हणजे ७ ग्रॅम, २० कॅलरी, साखर पावणेसहा ग्रॅम. आणि आपण जो पोह्यांचा मोठा चमचा भरून घेतो तो २० ग्रॅमच्या वर जातो, म्हणजे ६० कॅलरी, हे मी काट्यावर ठेवून पाहिलं तेव्हाच पटलं.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ मध्ये साखरेची जी मर्यादा सांगितली (रोजच्या कॅलरीच्या १० टक्क्यांच्या आत, जमलं तर ५ टक्के, म्हणजे २५ ग्रॅमच्या आसपास) त्यात मध पण धरलेला आहे. तेव्हा चहात साखर आहे तशीच, संध्याकाळी गजक आहे तशीच, आणि वरून सकाळी "औषध" म्हणून दोन चमचे मध, ह्याने शुगर वाढेलच.

मग फायदा होतो असं जे वाचतो ते सगळं खोटं का, तर तसंही नाही. २०२२ मध्ये टोरोंटो विद्यापीठाच्या लोकांनी १८ चाचण्या एकत्र करून पाहिल्या, हजाराच्या वर माणसं, त्यात मध घेणाऱ्यांचं फास्टिंग आणि वाईट कोलेस्टेरॉल थोडं कमी आलं. पण ती माणसं बहुतेक निरोगी होती, बाकीच्या जेवणात साखर कमी होती, आणि फायदा जास्त करून कच्च्या मधाचा आणि रोबिनियाच्या फुलांच्या मधाचा दिसला, तोच जो आपल्याकडे काश्मीरचा अकेशिया म्हणून विकतात. तिथला निकाल आपल्या सरसोंच्या मधाला लावून चालत नाही. उलट २००९ मध्ये इराणात टाइप २ वाल्यांना ८ आठवडे मध देऊन पाहिला, वजन उतरलं, कोलेस्टेरॉल सुधारलं, पण एचबीए१सी वाढलं. आमच्या डॉक्टरांनी सांगितलेलं हे एवढं एकच वाक्य ह्यांच्या डोक्यात बसलं आणि दोन चमच्यांवरून ते आपणहून एकावर आले.

जांभूळ मधाबद्दल पण इथेच सांगते. जांभळाच्या बीचं चूर्ण डायबिटीसला देतात म्हणून जांभळाच्या फुलांचा मध पण चालतो असं लोक समजतात. मधमाशी फुलातला गोड रस आणते, बी नाही. चव छान असते, किंचित तुरट, पण मोजायचा तसाच.

आणि वैद्यांच्या चाटणाचा हिशोब कुणी करत नाही. चूर्ण मधातून दिवसात तीनदा म्हणजे तीन चमचे मध झालाच, शिवाय सितोपलादीत अर्ध्याहून जास्त खडीसाखरच असते, च्यवनप्राशात पण साखर भरपूर. वैद्यांना सरळ सांगा की शुगर आहे, ते कोमट पाण्यातून घ्यायला सांगतील.

४. मध आणायचा कुठून

२०२० च्या डिसेंबरात दिल्लीच्या सीएसई (सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्नमेंट) संस्थेने १३ ब्रँडचा मध जर्मनीत एनएमआर ह्या बारीक भेसळ पकडणाऱ्या टेस्टला पाठवला आणि फक्त ३ पास झाले, बाकीच्यांत साखरेचा पाक निघाला. तो पाक असा बनवलेला असतो की साध्या टेस्टमध्ये सापडत नाही. म्हणून घरचे प्रयोग, पाण्यात थेंब टाकून बघा, काडेपेटीची काडी बुडवून पेटवा, टिपकागदावर ठेवा, हे सगळं सोडून द्या. पाकाचा मध पण त्यात पास होतो आणि चांगला पातळ मध नापास होतो.

आपण ग्वाल्हेरवाले ह्या बाबतीत नशीबवान आहोत. मुरैना इथून चाळीसेक किलोमीटर, तिथे आणि भिंडकडे डिसेंबर-जानेवारीत सरसों फुलली की नजर जाईल तिथपर्यंत पिवळं, आणि शेताच्या कडेने मधपेट्यांच्या रांगा. मागच्या वर्षी आम्ही दोघं ह्यांच्या मित्राबरोबर एका मधमाशीपालकाकडे गेलो होतो. त्याने धूर देऊन पेटीतली एक फ्रेम वर काढली, वरचा अर्धा भाग पांढऱ्या मेणाच्या पातळ पापुद्र्याने बंद होता आणि खालच्या घरांत रस उघडाच चमकत होता. म्हणाला, "भाभीजी, ये नीचेवाला कच्चा है, इसे अभी नहीं निकालेंगे." माश्या पंखांनी वारा घालून रसातलं पाणी उडवतात आणि मध पिकला की मेणाने झाकतात, झाकायच्या आधी काढला तर पाणी जास्त राहतं आणि बरणीत आंबतो. त्याच्याकडे दुर्बिणीसारखं एक छोटं यंत्र होतं, काचेवर मधाचा एक थेंब ठेवून त्याने उजेडाकडे धरलं आणि मला पाहायला दिलं, १९ वर रेघ, म्हणजे पाणी १९ टक्के. सरकारी नियमात पाणी २० टक्क्यांपर्यंतच चालतं. मी त्या दिवसापासून कुणाकडूनही घेताना हाच प्रश्न विचारते, फ्रेम किती झाकलेली असताना काढलात आणि पाणी किती आहे, खरा पालक लगेच उत्तर देतो.

विकत घेताना एवढं बघा: एफएसएसएआयचा (अन्न सुरक्षेच्या सरकारी संस्थेचा) १४ आकडी नंबर, कधी भरला ती तारीख, कोणत्या फुलाचा, कुठला. खूप स्वस्त मिळत असेल तर घेऊ नका.

थंडीत मध गोठला की लोक "साखर बसली, भेसळ आहे" म्हणून टाकून देतात. मित्राने दिलेली ती पहिली बाटली जानेवारीत तुपासारखी पांढरट घट्ट झाली आणि मी अर्धी टाकली, त्याची अजून हळहळ वाटते. सरसोंच्या मधात ग्लुकोज जास्त असतं म्हणून तो काही आठवड्यांतच गोठतो, हा त्याचा स्वभाव आहे. बरणी कोमट पाण्यात ठेवा, हाताला सोसेल इतपतच, चाळीसच्या आसपास. गॅसवर किंवा मायक्रोवेव्हमध्ये तापवू नका. आयुर्वेदात तापवलेला मध वर्ज्यच सांगितलाय, आणि लॅबच्या भाषेत तापवल्यावर एचएमएफ नावाचं द्रव्य वाढतं, एन्झाइम जातात. उकळत्या चहात घालायचं पण म्हणूनच नको.

५. ग्लुकोमीटरवर स्वतःची परीक्षा

हे डॉक्टरांना सांगून करा, इन्सुलिन चालू असेल तर त्यांनी हो म्हटल्याशिवाय नाहीच.

सकाळी उपाशीपोटी रीडिंग, मग दोन सपाट छोटे चमचे मध कोमट पाण्यात, मग एक तासाने आणि दोन तासांनी रीडिंग. मध्ये चहा नाही, बिस्कीट नाही, चालायला जाणं पण नाही. दोन-तीन दिवसांनी तितक्याच वजनाची साखर पाण्यात घेऊन तसंच करा.

पहिल्या दिवशी ह्यांचं एक तासाचं रीडिंग २४१ आलं आणि मी घाबरूनच गेले. मग लक्षात आलं की बाटलीचं झाकण ह्यांनीच उघडलं होतं, बोट चिकट होतं, आणि त्याच बोटाला सुई टोचली. साबणाने हात धुवून, पुसून दुसऱ्या बोटातून घेतलं तर १७४. बोटाला लागलेला मधाचा पुसटसा अंश पण पट्टी मोजते, त्यामुळे हात धुणं आणि कोरडे करणं ही पहिली पायरी. सॅनिटायझर पुरत नाही.

आमचे आकडे असे आले: मधाच्या दिवशी १२८, १७४, १४१. साखरेच्या दिवशी १३१, १८२, १४३. हे पाहून ह्यांना वाटलं मध जिंकला. पण ग्लुकोमीटरला १५ टक्के इकडेतिकडे चालतं, तेव्हा आठ-दहाचा फरक म्हणजे फरकच नाही. आमच्यासाठी ह्याचा अर्थ एवढाच होता की मध ह्यांची शुगर साखरेइतकीच वाढवतो, आणि घ्यायचाच तर उपाशीपोटी नाही. आता चहा दोघांचाही फिका, सुरुवातीचे तीन आठवडे फार जड गेले आणि मग सवय झाली, आणि मध दिवसात एकदाच, एक सपाट चमचा, दुपारच्या जेवणाच्या शेवटी दशमीबरोबर. पोटात भाजी-डाळ आधी गेलेली असली की चढ कमी येतो, वहीत दिसतंय. तुमचे आकडे वेगळे येतील, म्हणूनच तुमची वही हवी.

६. पोटासाठी मध: कुणाला सोसतो, कुणाला नाही

मधाने बद्धकोष्ठ सुटतो हा बऱ्याच जणांचा अनुभव आहे आणि त्यामागे कारण आहे, फ्रुक्टोज सगळ्यांच्या लहान आतड्यात पूर्ण शोषलं जात नाही, उरलेलं मोठ्या आतड्यात जातं, पाणी ओढतं, तिथले जंतू ते आंबवतात. ज्याचं पोट घट्ट आहे त्याला ह्याने बरं वाटतं. पण ज्याला आयबीएस आहे, गॅस आहे, त्याला हेच बाधतं. मध म्हणूनच फॉडमॅपवाल्या (पोटात आंबून गॅस करणारे पदार्थ कमी करायच्या) आहारात टाळायच्या यादीत येतो.

मला हे कळायला चार महिने लागले. रोज लिंबू-मध-पाणी आणि रोज अकरा वाजता पोट ढोलासारखं, आणि मी समजत होते की "शरीरातली घाण निघतेय", कारण सगळीकडे तसंच लिहिलेलं असतं. शेवटी दोन आठवडे मध पूर्ण बंद केला, तिसऱ्या दिवसापासून गुडगुड कमी. मग अर्धा चमचा जेवणात घेऊन पाहिला, तो सोसला. एक पूर्ण चमचा उपाशीपोटी, परत फुगलं. तुम्ही पण असंच करा, आधी बंद, मग अर्धा, मग एक, प्रत्येक पायरीला तीन-चार दिवस द्या आणि त्या दिवसांत दुसरं काही नवीन सुरू करू नका, नाहीतर कशाने झालं ते कळत नाही.

ॲसिडिटीचं सांगायचं तर, घसा-छातीला मधाने तात्पुरता लेप बसल्यासारखा आराम वाटतो, पण त्यात लिंबू पिळलं की जळजळ वाढते, आणि लोक दोष मात्र जेवणाला देतात. हेलिकोबॅक्टर पायलोरी ह्या जंतूमुळे अल्सर होतो (हा शोध लावणाऱ्या दोघा ऑस्ट्रेलियन डॉक्टरांना २००५ चं नोबेल मिळालं), मध त्या जंतूला लॅबमधल्या काचेवर मारतो हे खरं, पण माणसाच्या पोटातून मधाने तो गेला असं दिसलेलं नाही, अगदी न्यूझीलंडच्या महागड्या मानुका मधाने पण नाही. तो रिपोर्ट पॉझिटिव्ह असेल तर अँटिबायोटिकचा कोर्स पूर्ण करा.

फॅटी लिव्हर असेल तर मध आणखी जपून, फ्रुक्टोज लिव्हरमध्येच जातं.

७. पराग, प्रोपोलिस, राजान्न

पराग आणि राजान्न (रॉयल जेली): पोषण आहे, पण शुगर किंवा पचनासाठी पक्कं म्हणावं असं काही नाही. राजान्नाने दम्याच्या माणसांना जीवघेण्या रिॲक्शन आल्यात, ऑस्ट्रेलियात तर पाकिटावर तशी सूचना छापावी लागते. पराग घ्यायचाच असेल तर पहिल्या दिवशी एक दाणा, ओठ-जीभ सुजते का, खाज येते का बघा. माझ्या घशात तिसऱ्या दिवशी खाज आली, मी तिथेच थांबले.

प्रोपोलिस म्हणजे माश्या झाडांच्या कळ्या-सालींवरून आणतात ती राळ, पेटीच्या फटी त्याने बुजवतात. ह्या सगळ्यांत शुगरसाठी थोडा तरी पुरावा ह्याचाच आहे, इराणमधल्या छोट्या चाचण्यांत रोज ९०० ते १००० मिलिग्रॅमच्या गोळ्या तीनेक महिने, डायबिटीसच्या औषधांबरोबर, आणि फास्टिंग थोडं उतरलं. पण बाजारातल्या थेंबांत प्रोपोलिस किती हे बहुतेक बाटल्यांवर लिहिलेलंच नसतं, आणि ते अल्कोहोलमध्ये विरघळवलेलं असू शकतं, ते ज्यांना चालत नाही त्यांनी लेबल वाचा. आमच्या बाटलीवर मिलिग्रॅम नव्हते, म्हणून ती वापरलीच नाही.

शुगरसाठी माशी चावून घ्यायचे उपचार कुणी सुचवत असेल तर नका करू, अशाने जीव गेलेत.

८. गोळ्या बंद करायच्या नाहीत

ह्यांच्या एका मावसभावाने कुणाच्या तरी सांगण्यावरून मेटफॉर्मिन ही शुगरची गोळी सोडून मध-दालचिनी धरली. सव्वा महिन्यात शुगर ४०० च्या वर, ॲडमिट करावं लागलं, पायाची जखम भरायला तीन महिने गेले. कुणीही, कितीही विश्वासाने सांगितलं तरी गोळी कमी करायची ती फक्त डॉक्टरांनी, रिपोर्ट बघून.

मधाचा एक खरा उपयोग मात्र प्रत्येक शुगरवाल्या घराला माहीत हवा. इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारख्या गोळीने शुगर ७० च्या खाली गेली, घाम, थरथर, डोळ्यांपुढे अंधारी, तर एक मोठा चमचा मध लगेच, १५ मिनिटांनी परत मोजा, अजून कमी असेल तर परत एक, मग काहीतरी खायला द्या. व्होग्लिबोज किंवा अकार्बोज (पोटात साखर सावकाश पचू देणाऱ्या गोळ्या) चालू असेल तर त्यासाठी ग्लुकोज पावडर घरात ठेवा, साखरेने लवकर फरक पडत नाही. माणूस बेशुद्ध असेल तर तोंडात काही घालू नका, सरळ दवाखाना.

सुरू केल्यावर तीन महिन्यांनी एचबीए१सी परत करा, त्याच लॅबमधून. ह्यांचं आता ६.८ आहे, पण त्याचं श्रेय मी मधाला देत नाही, गोळी वेळेवर, फिका चहा आणि रोजचं पाऊण तास चालणं ह्यांचं ते आहे. दशमीवरचा तो एक चमचा त्यांना गोड खाल्ल्याचं समाधान देतो आणि म्हणून बाकीचं गोड सुटलं.

आणि हो, सरसों फुलली की मुरैन्याकडे जाणार असाल तर काचेची कोरडी बरणी घेऊन जा, ओला चमचा त्यात कधी घालू नका, आणि घरी आल्या आल्या झाकणावर चिकटपट्टी लावून फुलाचं नाव, गाव आणि काढल्याची तारीख लिहा, जानेवारीत गोठल्यावर घरातलं कुणी टाकून देणार नाही.